मधली रेघ सोडा: बीजिंगच्या राजवाड्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बीजिंगचा जुना राजवाडा दक्षिणोत्तर 961 मीटर लांब आहे. दक्षिणेच्या दरवाज्यातून शिरून नाकासमोर चालत राहिलं, तर वाटेत फोटो काढूनसुद्धा दीड तासात माणूस उत्तरेच्या दरवाज्यातून बाहेर पडतो. रोज हजारो लोक असेच बाहेर पडतात. पहिल्या खेपेला मीही तशीच बाहेर आले. डोक्यात उरलं काय, तर मोठाली पटांगणं, पिवळी छपरं आणि पुढे चालणाऱ्यांच्या पाठी. दुसऱ्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. बाबांच्या गुडघ्यांमुळे दर थोड्या वेळाने बाजूला वळून बसायला जागा शोधावी लागायची, आणि त्या बाजूच्या अंगणांमध्येच आम्हाला तो वाडा खऱ्या अर्थाने भेटला.

म्हणून या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देऊन टाकते. मधली रेघ, म्हणजे दक्षिणेच्या दारापासून उत्तरेच्या दारापर्यंतची ही सरळ वाट, जरूर बघा, पण तिच्यावरूनच चालत राहू नका.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

आपण ज्याला फॉरबिडन सिटी किंवा निषिद्ध नगरी म्हणतो, त्याचं जुनं चिनी नाव त्सिजिनछंग. त्यातला 'त्सि' म्हणजे जांभळा. ध्रुवताऱ्याभोवतीच्या आकाशाला चिनी ज्योतिषात जांभळी सीमा म्हणत, आणि पृथ्वीवरचा सम्राट म्हणजे जणू तो न हलणारा तारा. 'जिन' म्हणजे मनाई आणि 'छंग' म्हणजे तटबंदीचं शहर. आज मात्र रस्त्यावर कुणी हे नाव वापरत नाही. टॅक्सीवाल्याला, हॉटेलात, पोलिसाला विचारायचं ते 'गूगोंग', म्हणजे जुना राजवाडा.

मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने 1406 मध्ये बांधकाम सुरू केलं आणि 1420 मध्ये ते पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी आग लागून तिन्ही मुख्य मंडप जळाले. लाकडी बांधकाम असल्यामुळे आग हा या वाड्याचा कायमचा शत्रू, आणि आत फिरताना त्याच्या खुणा जागोजाग दिसतील. मिंगांचे 14 आणि छिंग घराण्याचे 10 असे 24 सम्राट इथून राज्य करून गेले. शेवटच्या पुयीने 1912 मध्ये गादी सोडली, तरी तो वाड्याच्या आतल्या भागात 1924 पर्यंत राहत होता. 1925 साली इथे संग्रहालय झालं, आणि 1987 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं.

वाड्याचे दोन भाग. दक्षिणेकडचा बाहेरचा दरबार: इथे राज्याभिषेक, मोठे समारंभ, दरबारी थाट. उत्तरेकडचा आतला दरबार: इथे सम्राट, राण्या, मुलं, दासी आणि खोजे यांचा संसार. आपल्याकडच्या वाड्यांचे चौक डोळ्यापुढे आणा. सदरेचा चौक पाहुण्यांसाठी, मागचा चौक घरच्यांसाठी. मांडणीचं तत्त्व तेच, आकार मात्र 72 हेक्टरचा.

पहिली पायरी: व्हिसा आणि तारीख

चीनला जायला भारतीयांना पर्यटक व्हिसा लागतो. थेट विमानं ऑक्टोबर 2025 पासून परत सुरू झाली. व्हिसाची कागदपत्रं चीनच्या व्हिसा केंद्राच्या सध्याच्या यादीवरूनच जमवा. कुणी दोन वर्षांपूर्वी गेलं होतं म्हणून त्यांच्या यादीवर विसंबू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

तारीख निवडताना तीन आठवडे टाळा: चिनी नववर्षाची सुट्टी, 1 मे पासूनची सुट्टी आणि 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा. तेव्हा अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो. माझ्या मते ऑक्टोबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. हवा कोरडी, आकाश निळं, आणि पिवळ्या छपरांवर तिरपं ऊन पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या दरबारातल्या फरसबंदीवर चालणं म्हणजे मे महिन्यात डेक्कनच्या पुलावर उभं राहण्यासारखं आहे, सावलीला एक झाड नाही. जानेवारीत पारा शून्याखाली असतो, पण गर्दी कमी आणि तिकीटही स्वस्त. थंडीचे कपडे असतील तर हिवाळ्याला नाही म्हणू नका.

सोमवारी राजवाडा बंद असतो. अपवाद फक्त राष्ट्रीय सुट्टीच्या सोमवारचा. सहल कंपनीने सोमवारी 'राजवाडा दर्शन' लिहिलं असेल तर लगेच विचारा, कारण ते बाहेरूनच दर्शन असणार.

दुसरी पायरी: तिकीट

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दारात जाऊन तिकीट काढू, या भरवशावर जाऊ नका. रोज किती लोक आत सोडायचे याची मर्यादा ठरलेली आहे आणि तिकिटं आगाऊच संपतात. आरक्षण सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेने रात्री 8 वाजता उघडतं. बीजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेपाच. गर्दीच्या महिन्यांत साडेपाचला फोन हातात घेऊन बसावं लागतं, पावणेसहाला उशीर झालेला असू शकतो. राजवाड्याचं अधिकृत संकेतस्थळ किंवा वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपमधलं त्यांचं छोटं ॲप, या दोन सरळ वाटा. ते जमत नसेल तर प्रवास कंपनीकडून काढून घ्या, थोडे पैसे जास्त जातील.

दर साधे आहेत. 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर 60 युआन, नोव्हेंबर ते मार्च 40 युआन. आतली दोन दालनं वेगळी: खजिन्याचं दालन 10 युआन आणि घड्याळांचं दालन 10 युआन. मुख्य तिकिटाबरोबरच ही दोन्ही निवडा. खजिन्याचं दालन तर सोडूच नका, का ते पुढे सांगते. तिकीट काढताना सकाळ किंवा दुपार निवडावी लागते. सकाळच घ्या. उन्हाळी मोसमात दरवाजे 8:30 ला उघडतात, शेवटचा प्रवेश 4 ला आणि 5 ला बंद. हिवाळ्यात शेवटचा प्रवेश 3:30 ला आणि 4:30 ला बंद. दुपारच्या तिकिटावर गेलात तर बाजूच्या अंगणांपर्यंत पोचेपर्यंत शिपाई 'चला, चला' करायला लागतात.

आता मराठी माणसांसाठी खास सूचना. तिकीट पासपोर्टच्या नावावर आणि नंबरवर निघतं, आणि आत जाताना तोच मूळ पासपोर्ट यंत्रावर ठेवावा लागतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि नावाच्या ओळीत स्वतःचं नाव अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. अर्ज भरताना पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहा. आमच्या बरोबरच्या एका काकूंचं तिकीट काढताना एजंटने मधलं नाव गाळलं आणि नंबरातला एक आकडा चुकवला. दारात दोन-तीन जणांना बोलावून ते निस्तरेपर्यंत पाऊण तास गेला आणि काकूंचा चेहरा अगदी उतरून गेला. तिकीट हातात आलं की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. लहान मुलांचंही नाव नोंदवावं लागतं.

तिसरी पायरी: फोन आणि पैसे

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप चीनमधल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर ते सहसा चालतात, कारण तो डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरतो. हॉटेलच्या वायफायवर मात्र चालणार नाहीत. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोचल्याचा निरोप आला नाही म्हणून इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा.

यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नका. चीनमध्ये चहापासून मेट्रोपर्यंत सगळं अलीपे आणि वीचॅट पेवर चालतं. भारतातून निघण्याआधीच अलीपे उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये बघा. आपल्याकडे ते बंदच असतात आणि ओटीपीची गाडी नेमकी तिथे अडते. थोडे रोख युआन, विशेषतः सुट्टे, जवळ असू द्यात.

चौथी पायरी: दारापर्यंत

आत शिरायचं ते दक्षिणेच्या वूमेन दरवाज्यातूनच. उत्तरेचा शेनवूमेन आणि पूर्वेचा दोंगहुआमेन हे बाहेर पडायचे दरवाजे. उत्तरेच्या दारात उतरून 'आत सोडा' म्हणणारे पर्यटक रोज दिसतात, आणि त्यांना अख्ख्या तटबंदीला वळसा घालून यावं लागतं.

मेट्रोच्या 1 नंबर लाइनवरचं तियानानमेन पूर्व हे स्टेशन नकाशावर जवळचं दिसतं. पण तिथे तपासणीच्या रांगा मोठ्या, आणि तियानानमेन चौकात जायचं असेल तर त्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. मला आवडलेली वाट दुसरी आहे. वांगफुजिंग या बाजारपेठेच्या बाजूने पश्चिमेकडे चालत दोंगहुआमेनपर्यंत या आणि तिथून खंदकाच्या कडेकडेने वूमेनकडे जा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. 52 मीटर रुंद खंदक, पलीकडे उंच तट, कोपऱ्यावर बुरूज, काठाला सकाळी व्यायाम करणारी म्हातारी माणसं. वाडा केवढा आहे हे पायांना आधी कळतं.

दोंगहुआमेनपाशी एक मिनिट थांबून दरवाज्याच्या फळ्यांवरचे सोनेरी खिळे मोजा. बाकीच्या तिन्ही दरवाज्यांवर नऊ रांगांत नऊ-नऊ, म्हणजे 81. नऊ हा सम्राटाचा आकडा. या एका दरवाज्यावर मात्र 72.

बॅगेत लायटर, काडेपेटी ठेवू नका. आत धूम्रपानाला बंदी आहे आणि तपासणीत त्या वस्तू काढून घेतात. पाण्याची बाटली, टोपी, टिश्यूपेपर आणि खायला काहीतरी कोरडं मात्र हवंच.

वाटेत कुणी छान इंग्रजी बोलत जवळ आलं, 'मी कलेचा विद्यार्थी आहे, चित्रप्रदर्शन बघायला चला' किंवा 'चहा पिऊ या' म्हणालं, तर हसून नमस्कार करा आणि पुढे चला. त्या चहाचं बिल हजारांत येतं. 'राजवाडा आज बंद आहे' असं सांगणाऱ्या सायकलरिक्षावाल्याचंही ऐकू नका.

पाचवी पायरी: मधली रेघ, दीड तासात

वूमेनच्या बोगद्यातून आत आलं की धनुष्यासारखा वळलेला पाण्याचा ओढा आणि त्यावर संगमरवरी पाच पूल. पुढे ताइहेमेन दरवाज्यासमोर दोन प्रचंड कांस्याचे सिंह. उजव्या-डाव्याचा गोंधळ नको म्हणून पंजे बघा: ज्याच्या पंजाखाली चेंडू तो सिंह, जिच्या पंजाखाली बछडा ती सिंहीण. पुढे आतल्या दरबाराच्या तोंडाशी छियानछिंगमेनला सोन्याचा मुलामा दिलेले सिंह भेटतील, त्यांचे कान खाली पडलेले आहेत. आतल्या बायकांनी बाहेरच्या राज्यकारभाराकडे कान देऊ नये म्हणून, असं सांगतात.

ताइहेदियन हा सर्वांत मोठा मंडप, जोत्यासकट सुमारे 35 मीटर उंच. आज उभा असलेला 1695 मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीतला. आत जाता येत नाही, उंबऱ्याबाहेरून सिंहासन बघायचं. इथे पहिल्या रांगेसाठी धक्काबुक्की असते आणि लोक हिरमुसतात. माझं ऐका, तीन मिनिटं सिंहासन बघा आणि मग मागे सरून छपराकडे मान वर करा. वळचणीच्या टोकाला पक्ष्यावर बसलेला एक स्वार आणि त्याच्यामागे ओळीने बसलेले छोटे प्राणी दिसतील. इमारतीचा मान जेवढा मोठा तेवढे प्राणी जास्त. ताइहेदियनवर दहा, आणि दहा असलेली ही एकच इमारत. पुढे बाओहेदियनवर नऊ, झोंगहेदियनवर सात. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या, दिवसभर कंटाळणार नाहीत.

तिन्ही मंडप ज्या तीन थरांच्या पांढऱ्या चौथऱ्यावर आहेत, त्याच्या कडेला एक हजाराहून जास्त ड्रॅगनची तोंडं बाहेर आलेली आहेत. त्यांच्या तोंडात भोकं आहेत, पावसाचं पाणी त्यातून पडतं. जोराच्या पावसात सगळी तोंडं एकदम वाहतात. आम्हाला नुसती रिमझिम मिळाली, तरी खालच्या ओळीतून पाण्याच्या बारीक धारा सुटलेल्या बघून आईने छत्री मिटली आणि तशीच उभी राहिली.

बाओहेदियनच्या मागच्या उतारावर जिन्यांच्या मधोमध एक कोरीव शिळा आहे: 16.57 मीटर लांब, 3 मीटरहून रुंद, दोनशे टनांहून जड. ढगांमधून नऊ ड्रॅगन वर चाललेत. ही शिळा नैर्ऋत्येकडच्या फांगशानच्या खाणीतून आणली. भर हिवाळ्यात वाटेवर ठरावीक अंतराने विहिरी खोदायच्या, त्यांचं पाणी रस्त्यावर ओतायचं, त्याचा बर्फ झाला की त्यावरून घसरत ओढायचं. शिळेचं वजन वाचताना त्या ओढणाऱ्या माणसांची बोटं डोळ्यांपुढे येतात.

आणखी एक वस्तू चुकवू नका, मंडपांच्या कडेला ठेवलेले मोठाले धातूचे हंडे. सजावट नाही ती. आग विझवायला पाणी साठवायचं भांडं आहे. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांना बाहेरून गोधडीसारखं आवरण घालत आणि खाली निखारे ठेवत. काही हंड्यांवर सोन्याचा मुलामा होता. जवळ जाऊन बघा, पृष्ठभागावर ओरखडेच ओरखडे आहेत. 1900 साली आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा सैनिकांनी सोनं खरवडून नेलं, असं तिथे सांगतात. बीजिंगवर चालून गेलेल्या त्या सैन्यात ब्रिटिशांच्या हुकमाखालचे हिंदुस्थानी शिपाईही होते. हे मला ठाऊक होतं, तरी त्या ओरखड्यांवर हात ठेवताना मन जड झालं.

सहावी पायरी: आता वळा

छियानछिंगमेनमधून आत गेलात की आतला दरबार सुरू. मधल्या रेघेवर तीन वास्तू आहेत. छियानछिंगगोंगमध्ये सिंहासनावरची पाटी बघा. योंगझेंग सम्राटाने वारसाचं नाव बंद पेटीत घालून या पाटीमागे ठेवायची पद्धत पाडली, म्हणजे राजपुत्रांची भांडणं नकोत. ज्याओताइदियनमध्ये 25 शाही शिक्के. कुनिंगगोंगचं दार मधोमध नाही, पूर्वेकडे सरकलेलं आहे. छिंग घराणं मांचू लोकांचं, म्हणून त्यांच्या घरासारखं ते बदलून घेतलं, आणि आत त्यांच्या पूजेसाठी मांस शिजवायच्या कढया होत्या. दरवाज्यांवरच्या पाट्यांवर चिनी अक्षरांशेजारी उभी, दोऱ्याला मणी ओवल्यासारखी लिपी दिसते, ती मांचू.

इथून गर्दी सरळ बागेकडे जाते. तुम्ही बाजूला व्हा.

पश्चिमेला सहा महाल आहेत, राण्यांचे. उंच लाल भिंतींमधली लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारामागे स्वतंत्र अंगण. छूशिउगोंगमध्ये पुढे राजमाता होऊन सत्ता हाती ठेवणाऱ्या त्सशीने 1856 मध्ये मुलाला जन्म दिला, आणि त्या एका बाळंतपणाने चीनच्या पुढच्या अर्धशतकाचा इतिहास बदलला. अंगणात जुनी झाडं, खिडक्यांना कागदी जाळ्या, काचेतून दिसणारी छोटीशी बैठक. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खोल्या' असं ऐकून आलेल्या माणसाला इथे कळतं की आयुष्य काढायला मिळत होती ती एवढीच खोली.

चालताना उंबरठ्यांकडे लक्ष द्या. ते चांगले उंच आहेत. त्यावर पाय न देता ओलांडा, आपल्या घरी आजी सांगायची तसंच. काही ठिकाणी उंबरे कापलेले आढळतील. किशोरवयीन पुयीला सायकल चालवायला अडथळा होतो म्हणून त्याने ते काढायला लावले होते. गादी गेलेला, तटाबाहेर न जाऊ शकणारा पोरगा या गल्ल्यांमधून सायकल फिरवतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पूर्वेच्या महालांमध्ये यानशीगोंगला जा. तिथे लाकूड नाही, विटा नाहीत, तर लोखंड आणि पांढऱ्या दगडाचा एक अर्धवट सांगाडा उभा आहे. सारख्या आगी लागतात म्हणून 1909 मध्ये इथे पाण्याने वेढलेला काचेचा महाल बांधायला घेतला. राज्य बुडालं आणि काम तसंच राहिलं. सगळ्या राजवाड्यात छिंग घराण्याचा शेवट इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सातवी पायरी: ईशान्य कोपरा

खजिन्याचं दालन म्हटल्यावर काचेच्या कपाटातले दागिने डोळ्यांपुढे येतात. ते आहेतच. पण ते दहा युआन खरं तर निंगशौगोंग या वाड्यातल्या वाड्यासाठी द्यायचे. छियानलोंग सम्राटाने निवृत्तीनंतर राहायला म्हणून 1770 च्या दशकात तो बांधून घेतला. साठ वर्षं राज्य केल्यावर त्याने खरोखर गादी सोडली, पण इथे राहायला काही आला नाही.

शिरताच रंगीत चकाकत्या फरशांची नऊ ड्रॅगनांची भिंत लागते. डावीकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन शोधा आणि त्याच्या पोटाचा खालचा भाग नीट बघा. तो तुकडा मातीचा नाही, लाकडाचा आहे. भट्टीत एक फरशी फुटली, मुदत संपत आलेली, शिक्षा डोक्यावर. कारागिराने रातोरात लाकूड कोरून रंगवून बसवलं, अशी गोष्ट आहे. रंग उडाल्यामुळे आता तो तुकडा सहज ओळखू येतो.

पुढे तीन मजली नाट्यगृह, छांगयिन मनोरा. वरच्या मजल्यांवरून देव खाली उतरवायची सोय होती. त्याच्या पश्चिमेला छियानलोंगची अरुंद लांब बाग, कृत्रिम खडक आणि लहान लहान मंडपांची. इथे बसा. डबा उघडा. वाड्यातल्या मांजरींपैकी एखादी जवळ येईल. अर्धा तास सहज द्या.

सगळ्यात उत्तरेला, बाहेर पडायच्या दारापाशी, एक विहीर आहे. 1900 साली फौजा शहरात शिरत असताना राजमाता त्सशी पळून गेली, आणि जाण्याआधी तिच्या हुकमाने सम्राटाच्या लाडक्या झेन राणीला या विहिरीत ढकललं, असं सांगतात. विहिरीचं तोंड इतकं अरुंद आहे की बघणारा प्रत्येक जण तेच म्हणतो: एवढ्यातून माणूस कसा जाईल? कडेच्या दगडाला दोन बाजूंना भोकं आहेत, आडवा दांडा घालून कुलूप लावायला. आमच्या शेजारी एक चिनी आजी नातीला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली, भाषा कळत नसताना.

ज्येष्ठांबरोबर जात असाल तर

दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं. बसायला बाकं आहेत, पण मधल्या पटांगणांत नाहीत. ती बागेत आणि बाजूच्या अंगणांत. तेव्हा मोठे मंडप सकाळी पहिल्या दोन तासांत उरका, चौथऱ्यांवर चढणं एकदाच होऊ द्या आणि उरलेला वेळ बाजूला घालवा. फरशा उंचसखल आहेत, चप्पल नको, बूटच घाला. अनेक स्वच्छतागृहं भारतीय पद्धतीची आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी कमोडची खोली आधी शोधावी.

खाण्याचं: आत उपाहारगृहं आहेत, पण शाकाहारी माणसाचं पोट भरेलच असं नाही. खाकरा, चिवडा, दशम्या असं काही जवळ ठेवा. भारतातून ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, ते चीनमध्ये न्यायला मनाई आहे. बाहेर जेवताना 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी खातो/खाते. 'सू' या शब्दाला तिथे बौद्ध मठांच्या जेवणाचा अर्थ आहे, त्यामुळे मठाच्या पद्धतीच्या उपाहारगृहात कांदा-लसूणही नसतो. जैन मित्रमंडळींसाठी ही चांगली सोय. अंडं नको असेल तर ते निराळं सांगा: 'बू याओ जीदान'.

आठवी पायरी: बाहेर पडल्यावर

शेनवूमेनच्या बाहेर टॅक्सी मिळायची मारामार असते, आणि रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. तिथे थांबूच नका. रस्ता ओलांडला की समोर जिंगशान बाग. ही टेकडी खंदक खणताना निघालेल्या मातीची आहे, 45 मीटरच्या आसपास उंच. दमलेल्या पायांनाही पंधरा-वीस मिनिटांत चढवते. जोर नसेल तर डावीकडे वळून वायव्येच्या कोपऱ्यातल्या बुरुजापाशी जा. खंदकाच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडतं आणि संध्याकाळी तिथे कॅमेरे मांडून लोक उभे असतात. त्याच्या गुंतागुंतीच्या छपराचा आराखडा कारागिरांना रातकिड्याच्या पिंजऱ्यावरून सुचला, अशी दंतकथा आहे.

टेकडीच्या माथ्यावरच्या मंडपातून दक्षिणेला अख्खा राजवाडा खाली पसरलेला दिसतो. मधली रेघ वरून अगदी स्पष्ट, एकामागे एक मोठी छपरं, पार तियानानमेनपर्यंत. आणि तिच्या दोन्ही अंगांना लहान छपरांची दाटी. बाबा ओळखत बसले, हा राण्यांच्या महालांचा पट्टा, ही छियानलोंगची बाग, त्या कोपऱ्यात ती विहीर.

उतरताना पूर्वेच्या पायऱ्या धरा. त्या बाजूला एक झाड कठड्यात राखलेलं आहे. 1644 मध्ये बंडखोर शहरात शिरल्यावर मिंगांचा शेवटचा सम्राट चोंगझेन मागच्या दाराने निघून इथवर आला आणि इथेच त्याने गळफास घेतला. आजचं झाड नंतर लावलेलं आहे. तिथून पूर्वेच्या फाटकाने बाहेर पडलात की थोडं चालून 8 नंबर लाइनचं मेट्रो स्टेशन लागतं.